सौनाची यादी आणि सर्वांत सोपं लिनक्स

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. सायं. ७.४०
इमारतीच्या मंडळाची बैठक आटोपली. कॉफी पातळ, दालचिनीचे पाव कालचे. शेवटचा विषय मीच मांडला. घरच्या लॅपटॉपवर सूचना आली आहे: चौदा ऑक्टोबरनंतर विंडोज दहाला सुरक्षेचे अपडेट बंद. माझ्या लॅपटॉपची ही गत, तर तळघरातल्या क्लबखोलीचा संगणक त्याहून म्हातारा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकता येईल, असं मी म्हणालो.

म्हणजे केवळ शक्यता वर्तवली. कोणीतरी ‘कशाला त्रास घेतोस’ म्हणेल, अशी वाजवी अपेक्षा होती. कोणीच म्हणालं नाही. माणूस बोलला म्हणजे करणारच, असं आमची माणसं धरून चालतात. हेलसिंकीत राहण्यातली ही एक मोठी अडचण. तिसऱ्या मजल्यावरचा केयो सार्वास, निवृत्त ट्रामचालक, माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग कॉफीत पाहू लागला. कौतुक असावं. अध्यक्ष ऐराबाई (वय सत्त्याऐंशी, हातात विणकाम) म्हणाल्या, लिही. चिटणीस मीच. त्यामुळे स्वतःच्याच हाताने लिहिलं: इस्मो केत्तुनेन चौदा ऑक्टोबरच्या बैठकीआधी संगणकावर लिनक्स बसवेल.

घाबरण्यासारखं काही नाही. लिनक्सचा जन्म १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात झाला आणि १९९१ साली मीही हेलसिंकी विद्यापीठातच होतो. संस्कृत शिकत होतो, हा तपशील. इमारतीत पुष्कळांना वाटतं की मी त्याच मंडळींतला. मी तसं कधी म्हटलेलं नाही. तसं नाही, असंही कधी म्हटलेलं नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट. सकाळी ६.१५
जाग आली ती हे आठवूनच. सौनाची यादी त्याच संगणकावर आहे. फक्त त्याच संगणकावर.

एकतीस घरं, तळघरात वाफेच्या आंघोळीचा एक सौना, प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. माणसं घर विकतील, नवरा सोडतील, शुक्रवार संध्याकाळचा तास सोडणार नाहीत. माझा तास शुक्रवारी सहाचा. तीन वर्षांपूर्वी लेहतिमाकी कुटुंब तुर्कूला गेलं तेव्हा तो रिकामा झाला. प्रतीक्षेत एकच नाव होतं: केयो, अकरा वर्षांपासून. चिटणीस या नात्याने मी साधकबाधक विचार केला. ट्रामचालकाच्या पाळ्या वेळीअवेळी; त्याला सहाचा तास सोयीचा नसणार. (तो निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, हे मागाहून लक्षात आलं.) म्हणून सगळं मार्गी लागेपर्यंत, तात्पुरतं, माझं नाव घातलं. पंधरा दिवसांनी सौनाच्या दारावरची छापील यादीही काढून टाकली. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. लोकांच्या आंघोळीच्या वेळा अशा दारावर टांगणं बरं नव्हे. फाइलला संकेतशब्द घातला. तो मला माहीत आहे.

यादी गेली तर नवी करावी लागेल. नवी करायची तर सगळ्यांना विचारावं लागेल. सगळ्यांना विचारलं, तर—

संकल्प: नवशिक्यांना झेपेल अशी आवृत्ती निवडायची. मी नवशिका नाही, पण यादी जपायची आहे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. सायं. ७.१०
सौना. अंश ऐंशी. दगडांवर पाणी टाकलं, वाफ अंगावर आली, आणि बाहेर कपड्यांच्या खोलीत पावलं वाजली. श्वास धरून बसलो. तासाच्या मध्ये इथे कोणी येत नाही. पावलं थांबली. मग नळ गळतोय हे कळलं.

बाकी तास उत्तम गेला, असं म्हणायला हरकत नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट. सकाळी ९
अभ्यासाला आरंभ. लिनक्सच्या आवृत्त्या शेकड्यांनी आहेत. वेदांच्या शाखाही पुष्कळ होत्या, पण त्यांतल्या बऱ्याच सौजन्याने लुप्त झाल्या. इथे लुप्त व्हायला कोणी तयार नाही. शिवाय निम्म्या आवृत्त्या स्वतःविषयी ‘नवशिक्यांसाठी सर्वोत्तम’ असं सांगतात. नवशिक्याने त्यातून निवडायची कशी, हे कोणी सांगत नाही.

इंटरनेटवरच्या एका चर्चापीठावर टोपणनावाने प्रश्न टाकला. दुपारपर्यंत अकरा उत्तरं, अकरा आवृत्त्या, आणि नंतर त्या अकरा जणांचं आपसांत भांडण. माझ्याकडे पुन्हा कोणी वळलं नाही. फक्त शेवटी एकाने लिहिलं: काहीही टाक, पण आधी फाइलींची प्रत काढ, माझं सगळं गेलं होतं.

‘सगळं’ हा शब्द त्याने तिरका छापला आहे. आज जेवण गेलं नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर. दुपारी १
तक्ता तयार. चौदा निकष, पाच आवृत्त्या. उबुंटू ७१, मिंट ७१. झोरिन ७०, पण तिचा अभ्यास घाईत झाला. फेडोरा म्हणजे टोपी. मी टोपी घालत नाही. डेबियनविषयी मला आदर आहे आणि तो लांबूनच ठेवावा असं वाटतं. पंधरावा निकष घालावा लागणार.

वाटाण्याचं सूप वाढता वाढता ताइना म्हणाली, तू आवृत्ती निवडत नाहीयेस, दिवस ढकलतोयस. बायकोने एवढं म्हणून थांबावं की नाही? पुढे म्हणाली, “इस्मो, तू घाबरलायस.” भय आणि विवेक यांतला भेद मी तिला समजावून दिला. सूप गार झालं. मग तिने विचारलं की यादी गमवायची एवढी धास्ती आहे तर सरळ कागदावर का उतरवून ठेवत नाहीस?

कागद कोणीही वाचू शकतं. हे तिला सांगितलं नाही. मोहरी संपल्याचा विषय काढला.

शनिवार, १३ सप्टेंबर. दुपारी ४
अंगणात श्रमदान. सगळी इमारत दाताळी घेऊन पानं गोळा करते, आणि नंतर सॉसेज. ऐराबाईंनी विचारलं, झालं का रे तुझं? अभ्यास चालू आहे म्हणालो. त्या म्हणाल्या, टपालखात्यात चाळीस वर्षं टपाल लावलं, पत्र कुठल्या खणात टाकायचं याचा अभ्यास कधी केला नाही, टाकलं.

विस्तवाशी केयो होता. त्याने कोणती टाकणार विचारलं. मी पाच मिनिटं बोललो. गाभा, वितरण, परंपरा. तो सॉसेज उलटत राहिला. मग म्हणाला, “यादीची प्रत काढलीस?”

माझ्या हातून मोहरीच्या सॉसची नळी पडली. संगणकावर हिशेबाचे कागद आहेत, इतिवृत्तं आहेत, नाताळच्या गाण्यांचे शब्द आहेत. त्याला यादीच का आठवली? त्याला माहीत आहे. किंवा माहीत नाही. तीन वर्षांत तो एका अक्षराने बोललेला नाही. म्हणजे माहीत नसणार. पण तो ट्राम चालवायचा तेव्हाही बोलत नसे, आणि रस्ता तर त्याला माहीतच होता.

सगळ्यांत करपलेलं सॉसेज त्याने मला दिलं. यात काही सुचवायचं होतं का?

बुधवार, २४ सप्टेंबर. सकाळी ११
धीर करून क्लबखोलीत गेलो. नुसतं पाहायला. दार आतून लावून घेतलं. यादी उघडली, शुक्रवार, सहा, केत्तुनेन. बराच वेळ पाहिलं. बंद केली.

एक गोष्ट मान्य करायला हवी: ही जुनी विंडोज भलतीच गुणी आहे. माझा लॅपटॉप रोज काही ना काही मागतो, रुसतो, मध्येच स्वतःच बंद होऊन परत उठतो. ही बिचारी मुकाट काम करते. हिला काढून त्या जागी काळ्या पडद्याचं लिनक्स बसवायचं जिवावर येतं. त्या काळ्या पडद्याची चित्रं पाहिली आहेत: एक रेघ लुकलुकते आणि माणूस काय लिहितो याची वाट पाहते. सगळी सूत्रं, भाष्य कुठेच नाही. मी आयुष्यभर सूत्रं शिकवली, पण ती चुकली तर विद्यार्थ्यांचे गुण जायचे, सौना नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सायं. ७.३०
सौनात घाम आला नाही. अंश चौऱ्याऐंशी असूनही. हा बहुधा जगातला पहिलाच प्रकार.

अकरा दिवस उरले. घसा खवखवतोय. चौदापर्यंत वाढला तर बैठकीला जाणं इतरांच्या दृष्टीनेही अयोग्य ठरेल. ताइनाने बॅटरी लावून घसा पाहिला आणि गुलाबी आहे म्हणाली.

बुधवार, ८ ऑक्टोबर. दुपारी ३
निर्णय: मिंट. पंधराव्या निकषावर (नावाचा उच्चार करताना मनाला येणारी शांती) एका गुणाने पुढे. तिच्या एका चाहत्याने लिहिलंय की विंडोजवरून येणाऱ्याला फरक कळणारही नाही. अतिशयोक्ती, पण आजारी माणसाशी असंच बोलतात.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी १०.०५
आज. ताइना बहिणीकडे गेली आहे. साक्षीदार नसलेले बरे.

१०.३० — क्लबखोलीत जाऊन यादीची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. दोनदा उघडून पाहिली. आहे. भय कुठल्या कुठे गेलं. लोक उगाच बाऊ करतात.

११.०० — घरी लॅपटॉपवर मिंट उतरवून घेतलं. ते आता एका पेनड्राइव्हवर चढवायचं असतं. घरात पेनड्राइव्ह एकच, व्याकरणाच्या परिसंवादात मिळालेला. हरकत नाही, त्यावर जागा भरपूर आहे.

११.१० — यंत्राने विचारलं: यावरचं सारं पुसलं जाईल, पुढे जायचं? असले इशारे नवशिक्यांसाठी असतात. हो म्हटलं.

१२.१५ — खाली क्लबखोलीत. मिंट म्हणालं, या संगणकावर दुसरी एक यंत्रणा दिसते, ती काढून सगळी जागा घेऊ का? विनयशील भाषा. जाकिटाची बटणं लावली. तळघरात गारठा असतो. हो.

१२.५० — झालं. काळा पडदा नाही, काही नाही. आश्चर्य म्हणजे अगदी पूर्वीसारखंच दिसतं. क्षणभर वाटलं, आपण काही केलंच नाही. मी हे केलं. मी, छप्पन्नाव्या वर्षी, एकट्याने. १९९१ मध्येही जमलं असतं, कोणी विचारलं असतं तर. आता पेनड्राइव्हवरून यादी परत आणायची.

१२.५२ — पेनड्राइव्हवर मिंट आहे.

१२.५३ — पेनड्राइव्हवर फक्त मिंट आहे.

१.४० — अजून फक्त मिंट.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ८
दारावरून काढलेली जुनी छापील यादी शोधली. मग आठवलं, कायद्याला धरून मीच तिचे तुकडे केले होते.

पर्याय: एक, आजारपण. दोन, माझ्या आठवणीतून यादी करणं. पण मला फक्त माझाच तास आठवतो. तीन, तुर्कू.

ताइनाला फक्त एवढंच सांगितलं की यादी सध्या उपलब्ध नाही. ती म्हणाली, बरं. ‘बरं’ म्हणताना कोणी इतका वेळ थांबत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर. सायं. ६
केयो आला. बूट दाराशी नीट जोडून काढले, स्वयंपाकघरात बसला. मी खोकलो. ताइनाने कॉफी दिली आणि बाहेर गेली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

तो तळघरात जाऊन आला होता. “चांगलं बसवलंयस,” म्हणाला. मी मान हलवली. कोणतं, त्याने विचारलं. मिंट, मी म्हणालो. गंभीर गोष्ट असल्यासारखं.

“तेच होतं,” केयो म्हणाला.

मला कळलं नाही. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि सांगितलं: दोन हजार एकोणीसमध्ये विंडोज फार रेंगाळू लागली होती, म्हणून एका दुपारी त्याने ती काढून मिंट टाकलं. तेव्हापासून तेच आहे. जरा जुनं झालं होतं, एवढंच.

मग ऑगस्टमध्ये का बोलला नाहीस, मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण ताइनाने माझ्याकडे पाहिलं. केयोने खरोखर विचार करून उत्तर दिलं. “मला वाटलं, तुला माहीत आहे. नवं टाकायचं म्हणत असशील. तू त्यातला माणूस.” मग कप खाली ठेवून, “आणि तू विचारलं नाहीस.”

ताइना खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

मग तो म्हणाला, यादी? मी म्हणालो, यादी संक्रमणावस्थेत आहे. गेली का, त्याने विचारलं. मी कपाकडे पाहिलं. त्याने दुसरा कप घेतला, कॉफी चांगली झाल्याचं ताइनाला सांगितलं, बूट घातले. दारात म्हणाला, उद्या बैठक आहे. बस्स, एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर झोप लागली असती.

टीप: म्हणजे गेली सहा वर्षं मी लिनक्सच वापरत होतो. एका अर्थी मी अनुभवी आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. रात्री ८.३०
घसा ठणठणीत. जावं लागलं.

निवेदन केलं: बदल तांत्रिकदृष्ट्या पूर्ण यशस्वी, यादी मात्र तूर्त अनुपलब्ध. आठ माणसं, थर्मास, पाव. पहिल्यांदाच मला ही शांतता बैठक चांगली चालल्याची खूण वाटली नाही.

ऐराबाईंनी चष्मा पुसला. विणकामाच्या पिशवीतून पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली, एक कोरी वहीही. “मी सांगते. तू लिही.”

आणि सोमवारपासून सांगायला लागल्या. घर, नाव, तास. कुठे अडल्या नाहीत. चाळीस वर्षं पत्रं खणात टाकलेली बाई. एकतीस घरं म्हणजे तिला काय. माणसं आपापल्या नावाला मान हलवत होती. मी लिहीत होतो. सोमवार झाला, मंगळवार झाला, बुधवार. मला वाटत होतं, सत्त्याऐंशी वर्षांचं वय आहे, गुरुवारपर्यंत दमतील. दमल्या नाहीत. गुरुवारी त्यांनी एक पाव खाल्ला.

“शुक्रवार, पाच: मी,” ऐराबाई म्हणाल्या. सुया चालूच होत्या. “शुक्रवार, सहा: केयो. लेहतिमाकी गेल्यापासून.”

पेन्सिल थांबली. माझ्याकडे सगळं तयार होतं. ट्रामच्या पाळ्या, ‘तात्पुरतं’ हा शब्द, कायद्याचं कलम. एकाने जरी माझ्याकडे पाहिलं असतं तरी मी बोललो असतो. कोणी पाहिलं नाही. कोणी थर्मासकडे पाहत होतं, कोणी खिडकीकडे. केयो आपल्या हातांकडे पाहत होता. तीन वर्षं या सगळ्यांना माहीत होतं, हे मला त्यांच्या न पाहण्यातून कळलं. दर शुक्रवारी मी टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरलो, तेव्हाही ते असंच थर्मासकडे पाहत असणार.

“लिहिलंस?”

लिहितोय, मी म्हणालो. लिहिलं. नाव लहानसं आहे. बराच वेळ लागला.

रविवारपर्यंत यादी पूर्ण झाली. मग ऐराबाई म्हणाल्या, “आणि तू, इस्मो. तुझा आधीचाच मंगळवार, दुपारी दोन. रिकामाच आहे. कोणी मागितला नाही.”

इतिवृत्त (हस्ताक्षर माझंच): सौनाची यादी यापुढे पेन्सिलीने, दारावर. क्लबखोलीच्या संगणकावर नवं लिनक्स उत्तम चालतं. त्यात काही नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. सायं. ७.०५
सहाला घरीच होतो. घरीही बसता येतं. सव्वासहाच्या सुमारास खालून दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या मजल्याचं माहीत नाही, पण पहिल्यावर येतो.

सातला कचरा टाकायला उतरलो. कचरा फारसा नव्हता. जिन्यात केयो, लालबुंद, केस ओले. मी भिंतीला लागून उभा राहिलो. आता बोलेल, असं वाटलं. अकरा अधिक तीन, चौदा वर्षांचं सगळं.

तो थांबला. “वाफ चांगली होती,” म्हणाला, आणि वर गेला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. दुपारी ३.१५
दोन वाजता सौना. शेगडी दुपारी एकला लागते, त्यामुळे अंश एकेचाळीस. दगडांवर पाणी टाकलं; ते तिथेच राहिलं. दारावरच्या यादीत माझं नाव ऐराबाईंनी सांगितल्याप्रमाणे माझ्याच अक्षरात आहे, आणि येणारा-जाणारा ते वाचू शकतो. मीही वाचलं.

वस्तुस्थिती पाहता हा तास शुक्रवारपेक्षा सरस आहे. गर्दी नाही. हृदयाला धोका नाही. पावलं वाजली तरी दचकायचं कारण नाही, कारण या वेळी इमारतीत कोणी नसतंच.

घरच्या लॅपटॉपसाठीही आता एक सोपं लिनक्स निवडावं लागेल. मिंट नको. नवा तक्ता करायला हवा. घाई नाही, मंगळवारी दोन वाजता विचार करायला भरपूर वेळ मिळतो. घाम येत नाही.